राष्ट्रपती हा घटक पक्का करायचा कसा? सोलापुरात नव्याने तयारीला लागलेल्यांसाठी

राज्यसेवा द्या, संयुक्त परीक्षा द्या की सरळसेवा भरती, राज्यघटनेच्या भागात राष्ट्रपती भेटतातच. तरीही नवखी मुलं-मुली हा घटक चुकीच्या टोकाने धरतात. पंधरा नावं, पंधरा तारखा, घोकंपट्टी सुरू. आठ-पंधरा दिवसांत त्या तारखा एकमेकींत मिसळतात. पेपरात प्रश्न येतो तो मात्र वेगळाच असतो: 1969 मध्ये सरन्यायाधीशांना राष्ट्रपतिपद का सांभाळावं लागलं, मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवण्याची सोय कोणत्या दुरुस्तीने आली, पॉकेट व्हेटो कोणी वापरला.

म्हणून क्रम बदला. आधी अनुच्छेद (म्हणजेच कलमं), मग मतांचं गणित, मग माणसं. आणि प्रत्येक राष्ट्रपती लक्षात ठेवायचा तो त्याच्या कारकिर्दीत कसाला लागलेल्या अनुच्छेदासोबत. रोज दीड ते दोन तास दिले तर बारा दिवसांत हा घटक हातात येतो. उन्हाळ्यात सोलापूरची दुपार अभ्यासाची नसते, त्यामुळे हे दोन तास सकाळी सातच्या आत-बाहेर उरकून घ्या.

काय काय लागेल

- संविधानाची मराठी प्रत. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. अनुच्छेद 52 ते 78 ही पानं छापून घ्या. नंतर 85 ते 87, 108, 111, 123, 143, 352, 356, 360 आणि 361 एवढी जोडा. मोबाइलवर वाचून हा भाग बसत नाही, कागदावर पेन्सिलीने खुणा कराव्या लागतात.
- एक दोनशेपानी वही. डाव्या पानावर अनुच्छेद, उजव्या पानावर त्याची घडलेली उदाहरणं.
- जाड कागदाची अठरा कार्डं. पंधरा राष्ट्रपतींची आणि तीन कार्यवाहूंची.
- लोकसेवा आयोगाच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका. पहिली उत्तरतालिका नको, हरकतींनंतर काही उत्तरं बदलतात.
- एक नेहमीचं संदर्भपुस्तक. नवी पेठेत जुन्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात. कलमांसाठी त्या चालतात, पदाधिकारी आणि अलीकडच्या निकालांसाठी अजिबात चालत नाहीत.

रोजचे पेपर वाचायला हिराचंद नेमचंद वाचनालय आहेच. तिथे बसून राष्ट्रपतींसंबंधीची बातमी दिसली की ती वहीत त्या-त्या अनुच्छेदासमोर एका ओळीत टिपा.

1. आधी 1947 ते 1950 ही अडीच वर्षं निस्तरा

पहिला घोळ इथेच होतो. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला नव्हता. 26 जानेवारी 1950 पर्यंत भारत हे अधिराज्य होतं, राजा सहावा जॉर्ज होता आणि त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहत होते. आधी लॉर्ड माउंटबॅटन आणि 21 जून 1948 पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी. या पदावर बसलेले राजाजी हे एकमेव भारतीय, आणि शेवटचे गव्हर्नर जनरलही तेच.

24 जानेवारी 1950 ला संविधान सभेने डॉ. राजेंद्र प्रसाद यांची राष्ट्रपती म्हणून निवड केली. दुसरा उमेदवारच नव्हता. इथे सापळा आहे. ही निवड संविधान सभेने केली, अनुच्छेद 54 मधल्या निर्वाचकगणाने, म्हणजे निवडून आलेल्या खासदार-आमदारांच्या मतदारगटाने, नाही. निर्वाचकगणाची पहिली निवडणूक 1952 ची. म्हणून "राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत बिनविरोध निवडून आलेले" याचं उत्तर नीलम संजीव रेड्डी, 1977. प्रश्नाची शब्दरचना नीट वाचा.

2. अनुच्छेद 52 ते 62 सलग वाचा, तुकड्यांत नको

ही अकरा कलमं म्हणजे पदाची जन्मकुंडली. एका बैठकीत वाचून होतात. प्रत्येकातली नेमकी गोष्ट वहीत उतरवा.

52 म्हणतं राष्ट्रपती असेल. 53 कार्यकारी सत्ता आणि संरक्षण दलांचं सर्वोच्च अधिपत्य देतं. 54 आणि 55 निवडणुकीची, ती पुढे पाहू. 56 प्रमाणे मुदत पाच वर्षं, पदग्रहणाच्या दिवसापासून. राजीनामा उपराष्ट्रपतींकडे द्यायचा आणि उपराष्ट्रपतींनी तो लगेच लोकसभा अध्यक्षांना कळवायचा. 57 प्रमाणे पुन्हा निवडणूक लढवता येते, आणि संविधानात कितीदा याला मर्यादा नाही. 58: नागरिकत्व, वय 35 पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता, आणि लाभाचं पद नको. वयात बरेच जण चुकतात. 35 हे लोकसभेचं नव्हे, तिथे 25 आणि राज्यसभेला 30.

60 मधली शपथ सरन्यायाधीश देतात, ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीश. मंत्री संविधानाबद्दल निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात, राष्ट्रपती संविधानाचं जतन, रक्षण आणि संरक्षण करण्याची. हा फरक विधानांच्या प्रश्नात हमखास येतो.

61 हे महाभियोगाचं कलम, याला अर्धा तास द्या. कारण एकच: संविधानाचा भंग. आरोप संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येतो. किमान 14 दिवसांची लेखी नोटीस, त्यावर त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सह्या, आणि ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने. "उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश" असा पर्याय दिला असेल तर तो चूक. नामनिर्देशित खासदार राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देत नाहीत, पण महाभियोगात भाग घेतात. आमदारांचं अगदी उलटं: ते निवडणुकीत आहेत, महाभियोगात नाहीत. आजवर एकाही राष्ट्रपतींवर महाभियोग चाललेला नाही.

62: पद मृत्यूने, राजीनाम्याने किंवा बडतर्फीने रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक. नवे येतात ते उरलेल्या मुदतीसाठी नव्हे, पूर्ण पाच वर्षांसाठी.

3. मतांचं मूल्य स्वतः काढा

हे गणित पाठ करू नका, एकदा हाताने सोडवा. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या.

1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5,04,12,235. विधानसभेचे निवडून आलेले सदस्य 288. भागाकार येतो साधारण 1,75,042. त्याला 1000 ने भागा: 175. बाकी 500 किंवा त्याहून जास्त राहिली असती तर एक वाढवला असता, इथे ती फक्त 42 आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, आणि सगळ्या विधानसभेचं 288 गुणिले 175, म्हणजे 50,400.

आता जिल्ह्यावर या. करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस, असे अकरा मतदारसंघ. 11 गुणिले 175, म्हणजे 1,925. हा आकडा आपला आपण काढला की सूत्र पुन्हा विसरत नाही.

खासदाराच्या मताचं मूल्य काढायला देशातल्या सगळ्या निवडून आलेल्या आमदारांच्या मतांची बेरीज घ्यायची आणि तिला दोन्ही सभागृहांच्या निवडून येणाऱ्या सदस्यसंख्येने, म्हणजे 776 ने, भागायचं. 2022 मध्ये आमदारांची एकूण मतं 5,43,231 होती, त्यामुळे खासदाराचं मूल्य 700 आलं. 2017 मध्ये ती 5,49,495 होती आणि मूल्य 708. हा फरक पडला तो जम्मू-काश्मीरची विधानसभा 2022 च्या वेळी अस्तित्वात नसल्याने. पुस्तकात 708 दिसलं तर ती आवृत्ती 2022 च्या आधीची आहे असं समजा.

टोकाचे दोन आकडे ध्यानात ठेवा: उत्तर प्रदेशचा आमदार 208, सिक्कीमचा 7.

या भागातले सापळे थोडे सविस्तर सांगायला हवेत, कारण गुण जातात ते इथेच.

विधानपरिषदेचे आमदार मतदार नाहीत. महाराष्ट्रात परिषद असल्यामुळे आपल्याकडची मुलं इथे फसतात. दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदार मात्र आहेत, 70 व्या घटनादुरुस्तीने. 1971 ची लोकसंख्या अजून वापरली जाते ती 84 व्या दुरुस्तीमुळे: 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तीच. पक्षाला या निवडणुकीत व्हिप, म्हणजे कोणाला मत द्यायचं याचा आदेश, काढता येत नाही. मतदान गुप्त असतं, खासदाराची मतपत्रिका हिरवी आणि आमदाराची गुलाबी. पसंती लिहायला निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचं पेनच वापरावं लागतं, दुसऱ्या पेनाने लिहिलं तर मत बाद.

उमेदवाराला 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही मतदारांतूनच. अनामत 15,000 रुपये. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. जिंकण्यासाठी वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त. 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू यांना 6,76,803 आणि यशवंत सिन्हा यांना 3,80,177 मतमूल्य मिळालं. बेरीज 10,56,980, म्हणजे कोटा 5,28,491. वहीत हे स्वतः करून पाहा.

उपराष्ट्रपतींची निवडणूक याच्याशी गल्लत करून टाकते. तिथे फक्त संसद सदस्य मत देतात, नामनिर्देशित धरून, आणि प्रत्येक मताचं मूल्य एक. आपल्याकडे हे लक्षात ठेवायला सोपं आहे: 2002 मध्ये सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उपराष्ट्रपतिपदाला उभे होते. भैरोसिंह शेखावत यांना 454, शिंदे यांना 305. आकडे शेकड्यांत का आणि राष्ट्रपतींचे लाखांत का, हे विचारलं की उत्तर आपोआप येतं.

4. कार्डं तयार करा

आता माणसं. प्रत्येक कार्डाच्या पुढच्या बाजूला नाव आणि कालखंड, मागे एकच घटना आणि तिचा अनुच्छेद. एकाहून जास्त घटना कोंबल्या की कार्डाचा उपयोग संपतो.

राजेंद्र प्रसाद (1950–62): दोनदा निवडून आलेले एकमेव, कलम 57. राधाकृष्णन (1962–67): 26 ऑक्टोबर 1962 ची पहिली राष्ट्रीय आणीबाणी, 352. झाकीर हुसेन (1967–69): पदावर असताना निधन, कलम 62 आणि 65.

गिरी यांच्या कार्डापाशी थांबा. 1969 हे एक वर्ष नीट समजलं तर चार-पाच अनुच्छेद एकदम पक्के होतात. 3 मे 1969 ला झाकीर हुसेन गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहू राष्ट्रपती झाले. 19 जुलैला त्यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली, कलम 123. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी पद सोडलं. आता ना राष्ट्रपती, ना उपराष्ट्रपती. अशा वेळी काय, याचं उत्तर कलम 70 खाली केलेल्या 1969 च्या कायद्यात आहे: सरन्यायाधीश. म्हणून एम. हिदायतुल्ला 20 जुलै ते 24 ऑगस्ट 1969 राष्ट्रपतिपदावर होते.

निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी, अपक्ष गिरी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769. कोटा 4,18,169 होता, कोणीच पोचलं नाही. मग तळाच्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली आणि गिरी 4,20,077 वर पोचले, रेड्डी 4,05,427 वर राहिले. दुसऱ्या पसंतीवर निकाल लागलेली ही एकमेव निवडणूक. एकल संक्रमणीय मतपद्धती म्हणजे काय, हे या चार ओळींइतकं स्वच्छ दुसरीकडे कळत नाही. निकालाला आव्हान दिलं गेलं ते कलम 71 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयात, आणि राष्ट्रपती असलेले गिरी तिथे स्वतः साक्षीला हजर राहिले.

फखरुद्दीन अली अहमद (1974–77): 25 जून 1975 ची आणीबाणी, पदावर असताना निधन. त्यानंतर कार्यवाहू बी. डी. जत्ती, आपल्या शेजारच्या जुन्या विजापूर जिल्ह्यातल्या जमखंडी तालुक्यातले. 11 फेब्रुवारी ते 25 जुलै 1977. जनता सरकारने नऊ विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला तेव्हा त्यांनी लगेच सही केली नाही, पण 42 व्या दुरुस्तीनंतर सल्ला बंधनकारक होता, शेवटी करावी लागली. कलम 74 शिकायला हे उत्तम उदाहरण, आणि सोलापूरकरांना माणूस जवळचा.

रेड्डी (1977–82): बिनविरोध. इथून पुढे प्रत्येक राष्ट्रपतीचा शपथविधी 25 जुलैलाच, म्हणून तारखा पाठ करण्याचं ओझं संपतं, फक्त वर्षं लक्षात ठेवा. झैल सिंग (1982–87): टपाल विधेयक. वेंकटरमण (1987–92): 1989 मध्ये कोणालाच बहुमत नव्हतं तेव्हा सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलावलं. शंकरदयाळ शर्मा (1992–97): 1996 मध्ये वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार. के. आर. नारायणन (1997–2002): सल्ला परत पाठवणारे. अब्दुल कलाम (2002–07): लाभाच्या पदाचं विधेयक परत. प्रतिभाताई पाटील (2007–12): पहिल्या महिला, पहिल्या महाराष्ट्रीय. प्रणव मुखर्जी (2012–17): दयेच्या अर्जांवरचे निर्णय. रामनाथ कोविंद (2017–22). द्रौपदी मुर्मू (2022 पासून): पहिल्या आदिवासी, आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या पहिल्या राष्ट्रपती.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या मुलांनी गिरी, रेड्डी आणि राधाकृष्णन ही नावं आजी-आजोबांकडून ऐकलेली असतात. ती तीन कार्डं आधी करा, बाकीची त्यांच्याभोवती बसवत जा.

सापळा: पद रिकामं असताना उपराष्ट्रपती "कार्यवाहू राष्ट्रपती" होतात, कलम 65(1). राष्ट्रपती आजारी किंवा गैरहजर असताना ते फक्त "कर्तव्यं पार पाडतात", कलम 65(2). हिदायतुल्ला 1982 मध्ये उपराष्ट्रपती असताना झैल सिंग उपचारांसाठी गेले होते, तेव्हाही त्यांनी काही आठवडे काम पाहिलं. ते दुसऱ्या प्रकारात मोडतं. दोन्ही वेळचे हिदायतुल्ला वेगळे ठेवा.

5. कलम 74: सगळा घटक ज्यावर उभा आहे

राष्ट्रपती रबरी शिक्का आहेत का, असा निबंधाचा प्रश्न आला तर भावनेने लिहू नका. चार पायऱ्यांत लिहा.

मूळ संविधानात मंत्रिमंडळ "साहाय्य आणि सल्ला" देईल एवढंच होतं, तो मानलाच पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काही अपवाद सोडता राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने ते कलमातच घातलं. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली, पण दुसऱ्यांदा आलेला सल्ला बंधनकारक.

मग उदाहरण: ऑक्टोबर 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस नारायणन यांनी परत पाठवली, आणि सरकारने ती पुढे रेटली नाही. 1998 मध्ये बिहारबाबत तेच केलं. दोन वेळा, दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांना. हा मुद्दा लिहाच, कारण त्यातून कळतं की अधिकार लहान असला तरी वापरणाऱ्याच्या हातात त्याला वजन येतं. कलम 78 विसरू नका. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना माहिती देणं हे कर्तव्य आहे, सौजन्य नाही.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे अशी कलम, निकाल, उदाहरण ही साखळी लिहिता यायलाच हवी. आठवड्यातून दोनदा हाताने दीडशे शब्दांचं उत्तर लिहा.

6. विधेयकं आणि अध्यादेश

कलम 111 खाली तीन वाटा: संमती द्या, रोखून ठेवा, किंवा परत पाठवा. परत पाठवलेलं विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केलं, बदल करून किंवा न करता, तर संमती द्यावीच लागते. कलाम यांनी मे 2006 मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेने पुन्हा मंजूर केलं, ऑगस्टमध्ये सही झाली. झैल सिंग यांनी 1986 च्या टपाल विधेयकावर काहीच केलं नाही, आणि कलम 111 मध्ये मुदत नसल्याने ते तसंच पडून राहिलं. हाच पॉकेट व्हेटो.

धन विधेयक परत पाठवता येत नाही. घटनादुरुस्ती विधेयकाला तर संमती द्यावीच लागते, 1971 च्या 24 व्या दुरुस्तीपासून.

अध्यादेश 123: संसदेचं किमान एक सभागृह अधिवेशनात नसताना, आणि संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर न झाल्यास तो संपतो. म्हणून कमाल आयुष्य सहा महिने आणि सहा आठवडे. तोच तोच अध्यादेश पुन्हा काढण्याला चाप बसला तो 1987 च्या डी. सी. वाधवा खटल्यात. हे वाधवा पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आणि खटला बिहारच्या राज्यपालांच्या अध्यादेशांवरचा, म्हणजे मूळ कलम 213.

इथे एक ताजा सापळा. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने राज्यपाल आणि राष्ट्रपतींना विधेयकांवर निर्णयासाठी कालमर्यादा घालून दिली. मे मध्ये राष्ट्रपतींनी कलम 143 खाली चौदा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. नोव्हेंबर 2025 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने मत दिलं की न्यायालय अशी ठरावीक मुदत बांधून देऊ शकत नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती गृहीतही धरता येत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात छापलेल्या नोट्समध्ये पहिलं अर्धंच सापडतं.

7. क्षमादान, कलम 72

पाच शब्द नीट वेगळे करा. क्षमा: दोष आणि शिक्षा दोन्ही पुसले जातात. सौम्य करणं: शिक्षेचा प्रकार बदलतो, फाशीची जन्मठेप. सूट: प्रकार तोच, काळ कमी. गरोदरपण किंवा अपंगत्वासारख्या कारणाने कमी शिक्षा हा चौथा प्रकार, आणि अंमलबजावणी तात्पुरती थांबवणं हा पाचवा.

लष्करी न्यायालयाच्या शिक्षेवर फक्त राष्ट्रपतींचा अधिकार चालतो, राज्यपालांचा कलम 161 खाली नाही. राष्ट्रपती हा अधिकारही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात, मारू राम, 1980. अर्ज गृहमंत्रालयामार्फत जातो. अजमल कसाबचा अर्ज नोव्हेंबर 2012 मध्ये प्रणव मुखर्जींनी फेटाळला, 21 नोव्हेंबरला येरवड्यात फाशी झाली, आणि तेव्हा गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे होते. फाईलचा प्रवास कसा होतो हे या एका प्रकरणातून दिसतं. 2014 च्या शत्रुघ्न चौहान खटल्याने अवास्तव विलंब हे फाशी रद्द करून जन्मठेप देण्याचं कारण मानलं.

8. आणीबाणी आणि मार्शल लॉ एक नव्हेत

सोलापूरच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न चुकवू नये. मे 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला, आणि त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्याला मार्शल लॉ म्हणजे नागरी प्रशासन बाजूला सारून लष्कराच्या हाती शहर, हे सांगावं लागत नाही.

संविधानात मार्शल लॉचा उल्लेख कलम 34 मध्ये आहे, व्याख्या कुठेच नाही. त्याचा परिणाम मूलभूत हक्कांवर, आणि तोही देशाच्या एखाद्या भागात. 352 खालची राष्ट्रीय आणीबाणी राष्ट्रपती जाहीर करतात, तिचा परिणाम केंद्र-राज्य संबंधांवरही होतो, आणि कारणं ठरलेली आहेत: युद्ध, परकीय आक्रमण, सशस्त्र उठाव. 1975 मध्ये "अंतर्गत अशांतता" हे कारण होतं, ते 44 व्या दुरुस्तीने काढलं. तेव्हा राष्ट्रपतींची सही पंतप्रधानांच्या सल्ल्यावर रात्री झाली आणि मंत्रिमंडळाची मंजुरी दुसऱ्या सकाळी. म्हणूनच आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो.

मुदती: 352 ला एका महिन्यात विशेष बहुमताने मंजुरी, 356 ला दोन महिन्यांत साध्या बहुमताने, 360 ला दोन महिन्यांत साध्या बहुमताने. 360 आजवर कधी लागलेली नाही.

9. सराव आणि नोंदी ताज्या ठेवणं

दहाव्या दिवसापासून मागच्या प्रश्नपत्रिका काढा. राष्ट्रपतींवरचे प्रश्न वेगळे करून सलग सोडवा. चुकलेल्या प्रत्येकासमोर अनुच्छेद लिहा, "घाईत चुकलं" असं लिहू नका. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, तेव्हा दोन पर्याय नक्की बाद करता आले तरच तिसऱ्याकडे हात घाला.

जमलं तर एकदा हैदराबादला जाऊन या. सिकंदराबादजवळ बोलारमला राष्ट्रपती निलयम आहे, ब्रिटिश रेसिडेंटसाठी बांधलेली वास्तू. हिवाळ्यात राष्ट्रपती दक्षिणेच्या दौऱ्यावर येतात तेव्हा मुक्काम इथे असतो. 2023 पासून ती वर्षभर लोकांसाठी खुली आहे. दिल्लीच्या मानाने सोलापूरहून हे अंतर काहीच नाही, तीनशे किलोमीटरच्या आसपास. संकेतस्थळावर वार आणि वेळ पाहून आधीच ऑनलाइन नोंदणी करा, ओळखपत्र सोबत ठेवा, आणि राष्ट्रपतींच्या मुक्कामाचा काळ टाळा.

शेवटची गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मुर्मू यांची मुदत जुलै 2027 मध्ये संपते, म्हणजे निवडणूक त्याआधी. तेव्हा खासदाराच्या मताचं मूल्य 700 धरू नका. निवडणूक आयोग मतदारांची यादी आणि मूल्य जाहीर करेल त्या दिवशी तिसऱ्या पायरीतलं गणित नव्या आकड्यांनी पुन्हा मांडा, आणि एकोणिसावं कार्ड कापून तयार ठेवा.